कर्ज बाईच्या नावावर, पण पैसा कुणाच्या हातात?

सावली

विनातारण, गटातून एकमेकींच्या जामिनावर मिळणारं आणि बहुतेक वेळा बाईच्याच नावावर निघणारं छोटं कर्ज. त्याबद्दल दोन ठाम मतं कायम ऐकू येतात. बाईच्या हाती भांडवल आलं की अख्खं घर वर येतं, हे एक. ही नव्या नावाची सावकारीच आहे, हे दुसरं. मला दोन्ही अपुरी वाटतात. दोन्ही बाजू कर्ज मिळालं का आणि फिटलं का एवढंच बघतात. मधलं कुणी विचारत नाही. सही झाल्यावर पैसा कुणाच्या खिशात गेला? तो कशात घालायचा हे कुणी ठरवलं? हप्ता भरायला पैसे कुठून आले?

माझं मत आधीच मांडते. कर्ज बाईच्या नावावर असणं ही एकच गोष्ट सगळीकडे मोजली जाते, अहवालात, भाषणात, जाहिरातीत. पण सही करायचा अधिकार वेगळा आणि तो पैसा वापरायचा अधिकार वेगळा. दोन्ही तिच्याकडे असतील तर कर्ज तिच्या कामी येतं. नसतील तर तिच्याकडे फक्त फेडीची जबाबदारी उरते.

ज्यांनी असं कर्ज घेतलंय, वसुलीचं काम केलंय, यावर अभ्यास वाचलेत, त्यांनी लिहा. अशा कर्जाने बाईची सुस्थिती वाढते का, हे सांगताना फक्त उत्पन्न धरू नका. स्वतःच्या नावची शिल्लक, अडीनडीला कुणापुढे हात पसरावा न लागणं, खर्चाचा निर्णय, रात्रीची झोप, हे सगळं धरा.

अनवट

वाचतेय. या विषयावर इथे कधीच सविस्तर बोललो नव्हतो.

चौकस

मला मूळ प्रश्नच पटत नाही. घराचं उत्पन्न वाढलं तर ते तिचंही नाही का? नवऱ्याच्या धंद्यात पैसा घातला की तो वाया गेला असं का धरायचं? घरात दोन कामं चालू असतील आणि एकाला गिऱ्हाईक जास्त असेल, तर चार पैसे तिकडेच घालणं शहाणपणाचं. बाईने काहीतरी स्वतःचं हवं म्हणून न चालणारा धंदा सुरू केला, तो बसला आणि कर्ज मात्र डोक्यावर राहिलं, तर तिचं भलं कसं झालं?

तळटीप

चौकस यांच्या मुद्द्याकडे येतो, पण आधी हे सगळं कुठून आलं ते थोडक्यात.

१९७६ साली बांगलादेशातल्या जोब्रा गावात मोहम्मद युनूस यांनी ४२ जणांना मिळून २७ डॉलर उसने दिले. तिथून सुरुवात. १९८३ मध्ये ग्रामीण बँक उभी राहिली आणि २००६ मध्ये युनूस आणि बँक या दोघांना मिळून शांततेचं नोबेल मिळालं. सुरुवातीला कर्जदारांत पुरुषही बरेच होते. पुढे बायकांचं प्रमाण ९५ टक्क्यांच्या वर गेलं. त्यामागे दोन गोष्टी होत्या. बायका वेळेवर फेडतात हा अनुभव, आणि बाईच्या हातचा पैसा मुलाबाळांवर खर्च होतो हा विश्वास.

या विश्वासाला आकड्यांचा आधार मिळाला तो मार्क पिट आणि शाहिदूर खांडकर यांच्या १९९८ च्या अभ्यासातून. बायकांना १०० टका (तिथलं चलन) कर्ज दिलं तर घरखर्च वर्षाला १८ टका वाढतो, पुरुषांना दिलं तर ११, असा त्यांचा हिशोब. जगभर तो वापरला गेला. नंतर डेव्हिड रूडमन आणि जोनाथन मॉर्डक यांनी तीच माहिती पुन्हा तपासली. ही वाढ कर्जामुळेच झाली असं त्या आकड्यांवरून खात्रीने म्हणता येत नाही, असं त्यांना आढळलं. अडचण उघड आहे. जी बाई कर्ज काढायला पुढे येते ती मुळातच धडाडीची असेल, तर फरक कर्जाने पडला की तिच्या धडाडीने?

म्हणून मग चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवड करून अभ्यास सुरू झाले. त्यातला गाजलेला हैदराबादचा, अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो, रेचल ग्लेनर्स्टर आणि सिंथिया किनन यांचा. १०४ वस्त्या घेतल्या. त्यांतल्या निम्म्या वस्त्यांत कर्ज देणाऱ्या संस्थेने आधी शाखा उघडली, उरलेल्यांत नंतर. साधारण सव्वा-दीड वर्षाने पाहिलं तर घराचा महिन्याचा खर्च सरासरीने वाढलेला नव्हता. टिकाऊ वस्तूंवरचा खर्च वाढला होता आणि टाळता येण्याजोगा किरकोळ खर्च घटला होता, म्हणजे लोक काटकसर करून काहीतरी उभं करत होते. आधीपासून धंदा असलेल्यांनी त्यात भर घातली, पण नफ्यातली वाढ मुख्यतः आधीच जास्त कमावणाऱ्यांना मिळाली. मुलांचं शिक्षण, आरोग्य आणि घरात बाईचं किती चालतं, यात फरक दिसला नाही.

२०१५ च्या सुरुवातीला बोस्निया, इथिओपिया, भारत, मेक्सिको, मंगोलिया आणि मोरोक्को अशा सहा देशांतले अभ्यास एकत्र छापून आले. सगळ्यांचा सूर जवळपास एकच होता. थोडासा फायदा आहे, कायापालट नाही. मेक्सिकोत मात्र घरातल्या निर्णयांत बायकांचा सहभाग किंचित वाढलेला दिसला.

अनवट

तळटीप यांनी नावाला जागून अख्खं पान भरलं :) पण फार उपयोगी माहिती. धन्यवाद.

गोधडी

मी स्वतः असं कर्ज घेतलं होतं, म्हणून लिहिते.

शिवणकाम करायचे. साधं मशीन होतं, ओव्हरलॉक नव्हतं. कडा मारायला कपडे दुसरीकडे द्यावे लागायचे आणि मजुरीतले बरेच पैसे तिकडे जायचे. म्हणून गटातून कर्ज काढून ओव्हरलॉकचं मशीन घेतलं. तो निर्णय बरोबरच होता. पण पहिला हप्ता पुढच्याच आठवड्यात! मशीन घरात आलंय, अजून त्यावर हात बसलेला नाही, ताण जमत नाही म्हणून दोरा सारखा तुटतोय, गिऱ्हाइकांना अजून कळलेलंही नाही, आणि हप्ता दारात उभा. मग दोरे-अस्तराला बाजूला ठेवलेले कर्जातलेच पैसे हप्त्याला लावले. माल आणायला ठेवलेले पैसे बघता बघता संपले.

गटात जिची रोजची विक्री होती तिला हे सोपं जायचं, कारण रोज संध्याकाळी गल्ला मोजता यायचा. माझ्यासारख्या काम पुरं करून दिल्यावर पैसे मिळणाऱ्या, किंवा जनावर घेणाऱ्या, त्या सगळ्यांची ओढाताण. त्यामुळे पुढच्या वेळी आमच्यातल्या कित्येकींनी जे मनात होतं ते सोडून, आठवड्याला पैसे फिरतील असंच काम निवडलं. जास्त कमाईचं काम मागे पडलं आणि हप्त्याला सोयीचं काम पुढे आलं.

आणखी एक. नवऱ्याने पैसे मागितले नाहीत, हे मुद्दाम सांगते. पण बाईने कर्ज उचललं हे घरात सगळ्यांना माहीत असतं. कुणाची फी, कुणाचं औषध, कुणाची जुनी उधारी. रोख घरात आली की तिला पाय फुटतात. नाही कसं म्हणायचं? पैसे आहेत हे दिसतंय ना.

दप्तर

अशा एका संस्थेत मी काही वर्षं कर्जवाटप आणि वसुलीचं काम केलं. नाव लिहीत नाही. सावलीताईंचा प्रश्न अचूक आहे.

अर्जावर 'कर्जाचं कारण' असा रकाना असतो. तो आम्हीच भरायचो. ठरलेली पाच-सहा कारणं असायची, त्यातलं एक टाकायचं. बाई खरं सांगायची: छप्पर गळतंय, दवाखान्याचं देणं आहे, आधीचा हप्ता थकलाय. आम्ही म्हणायचो, ताई, ते राहू द्या, शिलाईकाम लिहितो. मग काही दिवसांनी पैसा कारणी लागला का ते तपासायला जायचं आणि फोटो काढायचा. दुकान नवऱ्याचं. तो स्टुलावरून उठायचा, बाई पदर नीट करून गल्ल्यामागे बसायची, फोटो निघायचा, ती उठून आत जायची, तो परत बसायचा. मिनिटभराचं काम. कागदावर मात्र एक उद्योजिका वाढायची.

सगळ्याच घरी असं नव्हतं. खरोखर स्वतःचा धंदा चालवणाऱ्या बायका लगेच ओळखू यायच्या. मालाचा भाव विचारला की त्या न थांबता सांगायच्या. बाकीच्या नवऱ्याकडे बघायच्या.

तळटीप

दप्तर यांनी लिहिलंय ते मोजलंही गेलंय. अ‍ॅन मरी गोट्झ आणि रीना सेन गुप्ता यांनी १९९६ मध्ये बांगलादेशातल्या कर्जदार बायकांचा अभ्यास मांडला. कर्जाच्या वापरावर बाईचं पूर्ण किंवा बऱ्यापैकी नियंत्रण होतं अशी उदाहरणं साधारण ३७ टक्के निघाली. उरलेल्यांत तिचं थोडंफार चालायचं किंवा अजिबात नाही. म्हणजे ही शंका तीस वर्षं जुनी आहे.

गोधडीताईंच्या पहिल्या हप्त्याबद्दल सांगायचं तर त्यांचा अनुभव थेट पडताळून पाहिलेला आहे. एरिका फील्ड, रोहिणी पांडे आणि सहकाऱ्यांनी कोलकात्यात काही गटांना नेहमीप्रमाणे दोन आठवड्यांत हप्ता लावला आणि काहींना दोन महिने सवड दिली. सवड मिळालेल्यांनी धंद्यात जास्त पैसा घातला आणि तीनेक वर्षांनीही त्यांचा नफा जास्त होता. अर्थात थकबाकीही वाढली, कारण धाडस वाढलं की बुडण्याची शक्यताही वाढते. संस्थांना हे नको असतं. त्यांना शंभर टक्के वसुली हवी.

त्यांच्याच दुसऱ्या अभ्यासात आठवड्याऐवजी महिन्याचा हप्ता देऊन पाहिला. फेडीची काळजी वाटते, ताण येतो असं सांगणाऱ्यांचं प्रमाण निम्म्याने कमी झालं. थकबाकी वाढली नाही.

रानफूल

झोपेचा मुद्दा सावलीने लिहिला म्हणून बरं वाटलं. त्याबद्दल कुणी बोलत नाही.

गटाची मीटिंग. एकीचा हप्ता नाही आणि ती आलीही नाही. सगळ्यांचे पैसे मोजून झालेत, कार्डांवर सह्या झाल्यात, पण कुणाला उठता येत नाही. तिचा भरणा झाल्याशिवाय मीटिंग संपत नाही. घरी लेकरं एकटी, चुलीवर काम पडलेलं. मग दोघी तिच्या घरी बोलवायला जातात. ती दार लावून आत बसलेली. बाहेरून हाका. जिच्याकडून अडीअडचणीला साखर-पीठ आणलं तिच्याच दारात उभं राहून तिला बोलायचं. शेवटी कुणीतरी आपल्या पर्समधली घडी केलेली नोट काढून देते आणि सगळ्या मुकाट्याने घरी जातात. ती नोट परत मिळेपर्यंत दोघींत धड बोलणं नाही.

हा तोटा कुठल्या ताळेबंदात धरायचा? बाईला अडचणीत पहिला आधार शेजारणीचा असतो. तोच जामीन म्हणून वापरला जातो.

दीपस्तंभ

रानफूल, तुमच्याशी सहमत. पण दुसरी बाजूही लिहितो. गटामुळेच कित्येक जणी पहिल्यांदा घराबाहेर पडल्या, चारचौघींत बोलायला लागल्या, सही शिकल्या. घरच्यांना सांगून जाता येईल अशी एकच जागा होती, ती मीटिंग. माझ्या आईसाठी ते फार मोठं होतं. कर्ज तिने दोनदाच घेतलं, मीटिंगला मात्र शेवटपर्यंत जायची.

तळटीप

दोघांचंही बरोबर आहे, आणि म्हणून फिलिपिन्सचा प्रयोग सांगण्यासारखा. झेवियर जिने आणि डीन कार्लन यांनी तिथे आधीपासून चालू असलेले गट घेतले. मीटिंग तशीच ठेवली, पण एकीचं कर्ज दुसरीने भरायची अट काढून टाकली. थकबाकी वाढली नाही. म्हणजे दीपस्तंभ यांच्या आईला जे मिळालं ते ठेवून रानफूल सांगतात तो छळ टाळता येतो.

चौकस

अभ्यास छान आहेत, पण माझ्या प्रश्नाचं उत्तर अजून मिळालेलं नाही. घर एक असताना बाईचा पैसा आणि पुरुषाचा पैसा वेगळा का मोजायचा?

तळटीप

उत्तर आहे, आणि ते काहीसं तुमच्याच बाजूचं आहे. बरीच वर्षं असं दिसत होतं की बाईच्या धंद्यात भांडवल घातलं तर परतावा मिळत नाही, पुरुषाच्या धंद्यात मिळतो. त्यावरून बायकांना धंदा जमत नाही असा अर्थ काढला गेला. मग भारत, श्रीलंका आणि घाना इथली माहिती पुन्हा पाहिली. फील्ड आणि पांडे यातही होत्या, २०१९ चा अभ्यास. घरात एकट्या बाईचाच धंदा असेल तर तिचा परतावा पुरुषाइतकाच निघाला. घरात पुरुषाचाही धंदा असेल तर बाईला दिलेला पैसा तिकडे वळतो, म्हणून तिच्या धंद्यात वाढ दिसत नाही. घराचं एकूण उत्पन्न मात्र वाढतं.

तेव्हा बायकांना जमत नाही हे खोटं. पैसा वाया जातो हेही खोटं.

सावली

चौकस, हा अभ्यास घराच्या उत्पन्नाबद्दल तुमच्या बाजूने आहे, मान्य. पण आता पुढचं बघा. पैसा त्याच्या धंद्यात गेला, घर वर आलं, सगळं सुरळीत आहे. उद्या तो आजारी पडला, सोडून गेला, दुसरं लग्न केलं, किंवा वारला. धंदा कुणाच्या नावावर? गिऱ्हाईक कुणाला ओळखतं? उधारीची वही कुणाला वाचता येते? कर्ज मात्र तिच्या नावावर आणि थकलं तर पत तिची खराब. सगळं चांगलं चालू असताना घर एकच असतं. बिघडलं की दोन हिशोब होतात आणि तिच्या बाजूला फक्त देणं असतं. वेगळं मोजायचं ते यासाठी.

चौकस

हा मुद्दा वजनदार आहे. मग नवऱ्याच्या धंद्यासाठी कर्ज काढायचं असेल तर कर्जावर आणि धंद्याच्या कागदांवर दोघांची नावं हवीत. संस्थेने तशी अटच घालावी. खोटं कारण लिहायची गरजच उरणार नाही.

दप्तर

चौकस, अट चांगली आहे. पण वाटपाचं लक्ष्य बाईच्या नावावर मोजलं जातं तोवर तसं कुणी करणार नाही. खालच्या माणसाचा पगार त्या आकड्यावर ठरतो.

गोधडी

दोघांची नावं चालतील, पण पैसा तिच्या खात्यावर यावा आणि मोबाइल तिच्याच हातात असावा. मला रोख मिळाली नसती तर निम्म्या मागण्या झाल्याच नसत्या.

तळटीप

गोधडीताई, नेमकं हेच युगांडात करून पाहिलं. एमा रायली यांचा अभ्यास, साधारण ३,००० बायका, कर्ज ब्रॅक या संस्थेचं. काहींना नेहमीसारखी रोख दिली आणि काहींना त्यांच्या स्वतःच्या मोबाइल पैशाच्या खात्यात. आठ महिन्यांनी खात्यात मिळालेल्यांचा धंद्यातला नफा १५ टक्क्यांनी जास्त होता, भांडवल ११ टक्क्यांनी. कर्ज तेवढंच, बाई तशीच, फक्त देण्याची रीत बदलली. घरातून मागणी होणाऱ्या बायकांना याचा फायदा जास्त झाला.

कोरा कागद

सगळे नियंत्रणावर बोलताय, व्याजावर कुणीच नाही. तिथे बायका सगळ्यात जास्त फसतात.

वर्षाला १२ टक्के फ्लॅट असं सांगतात. ऐकायला बँकेसारखं वाटतं. पण फ्लॅटमध्ये व्याज शेवटपर्यंत पूर्ण मुद्दलावर लागतं आणि मुद्दल तर तुम्ही दर महिन्याला फेडत असता. १०० घेतले, १२ समान हप्त्यांत ११२ भरले, तर वर्षभर तुमच्याकडे १०० कधीच नसतात. सरासरी पाहिली तर त्याच्या निम्म्याच्या जरा वर. घटत्या शिलकीवर हाच दर २१ टक्क्यांच्या पुढे जातो. त्यात प्रोसेसिंग फी आणि विमा आधीच कापून घेतले, तर हाती १०० पेक्षा कमी येतात आणि खरा दर आणखी वाढतो. म्हणून दोनच गोष्टी विचारायच्या: हाती किती येणार, आणि एकूण किती भरायचे.

नफ्याची हाव काय करते ते मेक्सिकोत दिसलं. २००७ मध्ये कॉम्पार्तामोस या संस्थेचे शेअर बाजारात आले आणि गुंतवणूकदारांनी प्रचंड कमाई केली. तेव्हा कर्जदार बायका वर्षाला ८० टक्क्यांच्या वर व्याज भरत होत्या. युनूस यांनीही त्यावर जाहीर टीका केली होती.

रानफूल

मग बंदच का करू नये हा प्रकार?

दीपस्तंभ

बंद करून काय होतं ते आंध्र प्रदेशात पाहिलंय. एकाच घरात तीन-चार संस्थांची कर्जं झाली होती, वसुलीचा जाच वाढला, आत्महत्यांच्या बातम्या आल्या आणि ऑक्टोबर २०१० मध्ये राज्य सरकारने या संस्थांना लगाम घालणारा अध्यादेश काढला. वसुली थांबली. जाच थांबणं गरजेचंच होतं, यात वाद नाही. पण संस्थांना पैसा पुरवणाऱ्या बँकांनी देशभर हात आखडता घेतला आणि जिथे काहीच गडबड नव्हती अशा जिल्ह्यांतही कर्ज मिळेनासं झालं. एमिली ब्रेझा आणि सिंथिया किनन यांनी त्या जिल्ह्यांचा अभ्यास केला. जिथे कर्ज जास्त आटलं तिथे रोजंदारीचे दर घसरले, लोकांचा खर्च घटला. ज्यांनी कधी कर्ज घेतलं नव्हतं त्या मजुरांनाही झळ बसली.

म्हणजे रानफूल, कर्ज घेणाऱ्या बाईला सरासरी फारसा फायदा दिसत नसला, तरी ते अचानक गेलं तर न घेणाऱ्या बाईची मजुरीही कमी होते.

अनवट

थोडं अवांतर. कर्जापेक्षा बचतीची सोय जास्त महत्त्वाची असेल का? केनियात पास्कालिन ड्यूपा आणि जोनाथन रॉबिन्सन यांनी बाजारात विक्री करणाऱ्या बायकांना बँकेत खातं उघडून दिलं. त्यावर व्याज नव्हतं, पैसे काढायला उलट शुल्क लागायचं. तरी त्या बायकांनी खातं वापरलं आणि धंद्यात जास्त पैसा घातला. पुरुष सायकल-टॅक्सीवाल्यांमध्ये असा परिणाम दिसला नाही. गोधडीताई म्हणतात तसं, पैसा डोळ्यांआड ठेवायला जागा मिळाली हेच मोठं.

अहमदाबादेत इला भट्ट यांच्या पुढाकाराने १९७४ मध्ये सेवा बँक सुरू झाली, तीही फेरीवाल्या आणि कष्टकरी बायकांनी स्वतःचं भागभांडवल गोळा करून. तिथे बाई मालकीण होती, नुसती कर्जदार नव्हती. नाबार्डने १९९२ मध्ये बचत गट बँकांना जोडायला घेतले, त्यातही क्रम आधी बचत आणि मग कर्ज असाच होता.

कोरा कागद

अवांतर कसलं, हाच मुद्दा आहे. कित्येक जणी कर्ज घेतात ते बचत करायला दुसरी जागा नाही म्हणून. हप्त्याच्या धाकाने पैसे बाजूला पडतात. एवढ्या महागड्या व्याजाने बचत करायला लागावी हे चुकीचं आहे.

रानफूल

आणि जिच्याकडे काहीच नाही, तिचं काय? एकटी, मजुरीवर जगणारी, धंदा नाही, जागा नाही. तिला गटात कुणी घेतही नाही.

तळटीप

तिला कर्ज देऊच नये असं मला वाटतं. ब्रॅकने २००२ मध्ये अतिगरीब बायकांसाठी वेगळी योजना सुरू केली. परत न मागता एखादी उत्पादक वस्तू किंवा जनावर द्यायचं, पहिल्या काळात पोटापुरती मदत, जोडीला प्रशिक्षण, बचत आणि नेमाने घरी येणारा माणूस. २०१५ मध्ये सहा देशांतले निकाल आले: इथिओपिया, घाना, होंडुरास, भारत, पाकिस्तान, पेरू. मदत थांबल्यानंतर वर्षभरानेही बहुतेक ठिकाणी खर्च आणि मालमत्ता जास्त होती. कर्जाच्या अभ्यासांत असं ठसठशीत काही दिसत नाही. हैदराबादच्या त्याच वस्त्यांत नंतरही पाहिलं, तेव्हा टिकाऊ फायदा झाला तो कर्ज येण्याआधीच धंदा असणाऱ्यांना.

मध्यरात्र

पूर्ण धागा वाचला. मला सल्ला हवाय. माझ्या वहिनीवर आधीच दोन ठिकाणची कर्जं आहेत. आता तिसरी संस्था मोठी रक्कम देते म्हणतेय. तिचा विचार असा की ती घेऊन आधीची दोन्ही बंद करावीत. एका संस्थेचा माणूस संध्याकाळी उशिरा फोन करतो, शेजारणीलाही फोन केला. काय करावं?

कोरा कागद

तिन्हींचा हिशोब कागदावर मांडा. जुन्या दोन्हींचं आज बंद करायला किती लागतंय ते लेखी मागा. नव्या कर्जातून फी आणि विमा कापून हाती किती येतंय ते बघा. जुनी दोन्ही पूर्ण मिटत असतील, दर कमी असेल आणि एकूण हप्ता खाली येत असेल तरच विचार करा. थोडी मिटली आणि थोडी राहिली, तर तीन हप्ते होतील. ह्याची टोपी त्याला करत करत बुडालेली घरं पाहिलीत.

दप्तर

मध्यरात्र, भारतातले नियम सांगतो. ते रिझर्व्ह बँकेचे आहेत आणि एप्रिल २०२२ पासून लागू आहेत. घराचं वार्षिक उत्पन्न ३ लाखांपर्यंत असेल तर विनातारण कर्ज सूक्ष्मकर्जात धरतात. घरातल्या सगळ्या कर्जांचे मिळून महिन्याचे हप्ते उत्पन्नाच्या ५० टक्क्यांवर जायला नकोत, आणि हे बघणं संस्थेचं काम आहे. वहिनीचं उत्पन्न वाढवून लिहिलंय का, ते कार्डावर आणि अर्जाच्या प्रतीवर तपासा. असं होतं, मी पाहिलंय. मुदतीआधी फेडलं तर दंड लावता येत नाही. उशीर झाला तर दंड थकलेल्या रकमेवरच, पूर्ण कर्जावर नाही. विमा तिच्या संमतीशिवाय गळ्यात मारता येत नाही.

आणि तो फोन. सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर वसुलीसाठी फोन करायला मनाई आहे. नातेवाईक, शेजारी यांना त्रास देणंही चालत नाही. फोनची वेळ आणि नंबर लिहून ठेवा, स्क्रीनशॉट काढा आणि आधी संस्थेकडे लेखी तक्रार द्या. तक्रारीचा नंबर कर्जाच्या कार्डावर छापलेला असतो. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते. शाखेत जाताना वहिनीला एकटं पाठवू नका, आणि बोलू मात्र तिलाच द्या. कर्ज तिच्या नावावर आहे, तेव्हा संस्थेला उत्तर तिलाच द्यायला लावा.

मध्यरात्र

दप्तर, कोरा कागद, मनापासून आभार. कार्ड काढून बघितलं, तक्रारीचा नंबर मागच्या बाजूला आहे. उत्पन्नाचा आकडाही आहे आणि तो वहिनीने कधी सांगितलेलाच नाही.

सावली

मध्यरात्र, त्या अर्जाची प्रत लेखी मागून घ्या, तोंडी नको. आणि उत्पन्नाचा मुद्दा तक्रारीत फोनच्या आधी लिहा. पुढे काय झालं ते इथे कळवा. आणखी कुणाच्या कार्डावर असा आकडा सापडला तर तेही लिहा.